नाव मात्र खाऱ्या पाण्याचं

पावसाळ्याला अजून महिनाभर अवकाश होता, पण त्या दिवशी सकाळीच समुद्राकडून ढग वर सरकले आणि मिठागरावरच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वाफ्यांत मीठ तयार होऊन बसलं होतं. दोन जोरदार सरी पडल्या असत्या तर उन्हाळाभराची मेहनत पाण्यात गेली असती. मुकादम बांधावरून ओरडत फिरत होता, "हातपाय चालतात त्यांनी सगळ्यांनी पाण्यात उतरा. लुळीपांगळी तेवढी वर थांबा."

हे बोलताना त्याने म्हातारीच्या सुनेकडे बघितलं. सून बांधावर उभी होती, पायांत चपला घालून. सगळ्या मिठागरावर कोरडी तेवढी तीच होती.

म्हातारी घोटाभर पाण्यात उभी राहून लांब दांड्याच्या फळीने मीठ कडेला ओढत होती. तिने मान वर केली नाही. "माझी सून पांगळी नाही," ती म्हणाली. "तिला खारं पाणी लागलंय."

"सगळ्यांनाच लागतं, आजी. बाकीच्या काय अत्तरात उभ्या आहेत?"

बायका हसल्या. सून खाली बघत रिकामी टोपली घेऊन राशीकडे गेली.

खारं पाणी लागणं हे मिठागरावरच्या बायकांच्या यच्चयावत दुखण्याचं नाव होतं. लघवीला आग होते, खारं पाणी. ओटीपोटात कळ येते, खारं पाणी. नवरा जवळ आला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तेही खारं पाणीच. पुरुष त्याच पाण्यात उभे असत, त्यांच्या टाचांना भेगा पडत आणि तिथे त्यांचं दुखणं संपे. पण याचं नवल कुणाला वाटलं नव्हतं. बाईची जात नाजूक, तिला पाणी जास्त बाधतं, असं म्हातारी सांगायची आणि तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वस्तीतली बहुतेक बाळं तिच्या हातावर जन्मली होती आणि बहुतेक पोरी तिनेच साफ केल्या होत्या.

साफ करणं म्हणजे काय ते बायकाच जाणत. पोर सात-आठ वर्षांची झाली की पावसाळ्यात, मिठागर बंद असताना, तिला म्हातारीकडे आणायची. दोघी-तिघींनी धरायची. म्हातारी पात्याने तिच्या मांड्यांमधलं कापून टाकायची, उरलेल्या कडा शिवायची आणि पाय बांधून पोरीला निजवायची. पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत पोर हिंडूफिरू लागायची. म्हातारीला सगळे हलक्या हाताची म्हणत, कारण तिच्या हातून पोर सहसा दगावत नसे. हे 'सहसा' वस्तीत कुणी मोठ्याने उच्चारत नसे.

सूनही तिच्याच हातची. मुलासाठी मुलगी बघायची वेळ आली तेव्हा म्हातारी ऐटीत म्हणाली होती, "बघायचं काय त्यात? माझं काम मला माहीत आहे." लग्नाला आता तिसरं वर्ष चालू होतं, आणि हंगाम सुरू झाल्यापासून मुलगा बाहेर ओट्यावर झोपत होता.

त्याने एकदा आईला एकटीला गाठून, भिंतीकडे बघत, मनातलं सांगून टाकलं होतं. "दातखिळी बसल्यासारखी पडून राहते. हात लावला की अंग चोरते. मी काय जनावर आहे का? मी आवडत नव्हतो तर आधीच सांगायचं."

"खारं पाणी लागलंय तिला. हा हंगाम पाण्यात उतरवू नकोस. बघ, होईल ठीक."

"हा हंगाम," मुलगा म्हणाला होता. "मिठागर बंद झालं आणि तरी असंच राहिलं, तर मी तिला तिच्या बापाकडे सोडून येणार. मग मला बोल लावू नकोस."

म्हणून सून कोरडी होती. आणि म्हणून ढग बघून सगळ्यांना मिठाची काळजी लागली, तेव्हा म्हातारी दिवस मोजू लागली. पाऊस आला की हंगाम संपणार होता, आणि सून तसूभरही बरी झाली नव्हती.

दुपारी बायका आडोशाला गेल्या. मिठागरावर आडोसा एकच, पडक्या पंपघराची मागची बाजू. बायका जायच्या, यायच्या, आणि सून मागे राहायची. थेंबथेंब, थांबत थांबत, दात आवळून.

"अगं, समुद्र रिकामा करतेस की काय?" एकीने हाक मारली.

"भरती यायची वेळ झाली, आता तरी ऊठ," दुसरीने जोड दिली.

डोंगरवाली मात्र गेली आणि आली. ती यंदा पहिल्यांदाच नवऱ्याबरोबर कामाला आली होती. डोंगरापलीकडच्या गावची, म्हणून तिचं खरं नाव विचारायच्या आतच हे नाव पडलं होतं. बाई दांडगी, हसणं त्याहून दांडगं. भिंतीला टेकून तिने डबा उघडला आणि गप्पाही उघडल्या.

"काल आमचे हे रुसले. दिवसभर मीठ ओढून कंबर मोडली म्हणे, झोपू दे. मी म्हटलं, कंबर तुमची मोडली, माझी शाबूत आहे. झोपता कुठे?"

ती एकटीच हसली. बाकीच्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"म्हणजे तू त्याला उठवलंस?" एकीने विचारलं.

"मग? सगळं त्यांच्याच मर्जीने चालायचं का? मलाही जीव आहे की."

"दुखत नाही तुला?"

हे सुनेने विचारलं. ती केव्हा येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं.

डोंगरवालीने तिच्याकडे नीट बघितलं. "सुरुवातीचं सोड. आता दुखायचं कशाला गं? दुखलं असतं तर मी कशाला त्यांची झोप मोडली असती?"

"निर्लज्ज आहे झालं," एक बाई पुटपुटली आणि कपडे झटकून उठली. तिच्या मागोमाग बाकीच्याही उठल्या. म्हातारीच्या हातातला घास हातातच राहिला होता.

दुपारनंतर तिने मुद्दाम डोंगरवालीच्या शेजारचा वाफा घेतला. दोघींच्या फळ्या बराच वेळ नुसत्या खरखरत राहिल्या.

"तुला खारं पाणी लागत नाही का गं?" शेवटी म्हातारीने विचारलं.

"हे काय, बघा की." डोंगरवालीने पाय वर उचलून टाच दाखवली. भेगांत मीठ भरून पांढरं झालं होतं.

"पायाचं नाही विचारत. वरचं."

डोंगरवालीला कळायला जरा वेळ लागला. "तिथे कसं लागेल, मावशी? मी पाण्यात उभी राहते, बसते थोडीच?"

म्हातारी सारा जन्म या पाण्यात उभी होती. इतकी साधी गोष्ट तिच्या डोक्यात कधी आली नव्हती.

"तुमच्याकडे पोरींना साफ करत नाहीत?"

"आंघोळ घालतात की."

"तसं नाही." म्हातारीने पाण्याकडे बघत, अर्ध्या आवाजात, काय ते सांगितलं. डोंगरवालीची फळी थांबली.

"जितीजागती पोर? आणि कशासाठी?"

"पोर वाहवत जाऊ नये म्हणून. नवऱ्याच्या घरी नांदावी म्हणून."

बोलून गेल्यावर म्हातारीला आपलेच शब्द ऐकू आले. तिच्या सुनेचं नांदणं फार तर महिनाभर टिकणार होतं, आणि ते कशाने मोडत होतं तेही आता तिच्यापुढे उघडं झालं होतं.

"कोण बाई करते असलं?" डोंगरवालीने विचारलं.

"असतात," म्हातारी म्हणाली.

आपलं काम तिने आजवर कुठल्या बाईपासून लपवलं नव्हतं. उलट मिरवलं होतं. आज पहिल्यांदा 'मी' म्हणताना जीभ अडली, आणि मग दिवस मावळेपर्यंत तिने डोंगरवालीकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळी चुलीपुढे बसली असताना तिला आपला नवरा आठवला. माणूस भला होता, हात उगारणारा नव्हता. तरी तो जवळ आला की ती वेणीचं टोक दातांत धरायची. पुढे त्याची सवय झाली. पुढे तो गेला, आणि छाती पिटून रडताना आतून सुटल्यासारखं वाटलं होतं, ते तिने कुणाला कळू दिलं नाही. हेच बाईपण, अशी तिची समजूत होती. आपल्याला मिळालं तेच आपण घरोघरी वाटत फिरलो, असं आता तिच्या मनात आलं.

सून भांडी घासत होती. म्हातारीने विचारलं, "खरं सांग. हंगामभर कोरडी राहिलीस. काही फरक?"

"नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला होता फरक पडेल. मला वाटलं, माझंच काही चुकतंय."

दुसऱ्या दिवशी म्हातारीने मुकादमाची बोलणी खाल्ली आणि सुनेला घेऊन दवाखान्यात गेली. दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट, एक पडदा आणि एक नर्सबाई. म्हातारी पडद्याच्या अलीकडे स्टुलावर बसली. आतून सुनेचा आवाज आला नाही, नर्सबाईचाच येत होता, "सैल सोड... बरं, राहू दे, राहू दे."

नर्सबाई हात धुऊन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती सुनेशी बोलत होती, पण म्हातारीला शब्दन् शब्द लागत होता. शिवलेली जागा आकसून जवळजवळ बंद झाली आहे. लघवी साचून राहते, म्हणून आग. जुन्या वणात गाठ झाली आहे, ती वाढते आहे. आणि नवऱ्याजवळ गेलं की दर वेळी तिथे चिरतं, भरतं, पुन्हा चिरतं.

"खाऱ्या पाण्याने नाही होत हे?" म्हातारीने विचारलं.

"पाण्याचा काय संबंध, आजी? कापल्यामुळे झालंय." नर्सबाई सुनेकडे वळली. "मोठ्या दवाखान्यात छोटं ऑपरेशन करून मोकळं करतात. गाठही काढतील. दुखणं पुष्कळ कमी होईल."

सुनेने खाली बघत विचारलं, "आणि बाकीचं? म्हणजे, बरं वाटणं?"

"कापलेलं परत येत नाही. पण सगळंच जातं असंही नाही. दुखायचं थांबलं की काहींना हळूहळू जमतं. नवऱ्याला धीर हवा, समज हवी. कुणी केलं हे?"

म्हातारीने मांडीवर हातात हात घट्ट धरले.

"लहानपणी झालं," सून म्हणाली. "आठवत नाही."

दोघी परत निघाल्या. आभाळ काळं झालं होतं, वारा पडला होता. म्हातारीला राहवलं नाही. "आठवत नाही म्हणालीस."

"तुमच्या तोंडावर कसं सांगणार? सगळं आठवतं मला. तुम्ही म्हणत होता, झालं गं झालं, एवढंच. एवढंच आहे असं वाटलं होतं."

तेवढ्यात पहिले थेंब पडले आणि मिठागराकडून आरडाओरडा ऐकू आला.

दोघी पळत पोचल्या तेव्हा सगळी वस्ती पाण्यात होती. मीठ टोपल्यांत भरायचं, डोक्यावर घ्यायचं, राशीवर ओतायचं, पुन्हा पळायचं. सुनेने चपला बांधावर टाकल्या आणि ती वाफ्यात उतरली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती टोपलीसकट खाली बसली, ओटीपोटाला हात लावून. मीठ चिखलात सांडलं.

मुलगा राशीवर ताडपत्री ओढत होता. दिवसभर तो एकटा दोघांचं काम करत होता, आणि आता मीठ डोळ्यांदेखत विरघळत होतं. "घरात दगड, इथेही दगड!" तो सगळ्यांसमोर ओरडला. "देवाने काय म्हणून हा धोंडा माझ्याच गळ्यात बांधला?"

कुणीतरी फिसकन हसलं. सून उठली, सांडलेलं मीठ तसंच सोडून राशीपाशी आली आणि तिने ताडपत्रीची दोरी धरली. म्हातारीने दुसरं टोक धरलं. पाऊस असा कोसळायला लागला की शेजारची रास दिसेना. वाफ्यांचं पुन्हा नुसतं पाणी झालं.

"झालं," मुलगा म्हणाला. "संपला हंगाम. उद्या बोचकं बांध. सोडून येतो."

सून खुंटाला गाठ मारत राहिली.

"ती कुठे जाणार नाही," म्हातारी म्हणाली.

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये मीच आहे. पहिल्यापासून." ताडपत्रीवर पावसाचा असा ताशा चालला होता की म्हातारीला ओरडून बोलावं लागलं. जे आयुष्यभर कुजबुजत केलं होतं ते तिने मुलाला ओरडून सांगितलं. काय कापलं, कसं शिवलं, नर्सबाई काय म्हणाली. "तिला दगड मी केलं. या हातांनी. खाऱ्या पाण्याने काही केलेलं नाही."

मुलाच्या हातातली दोरी सुटली. पोरींना आईकडे आणतात हे तो लहानपणापासून बघत आला होता, त्या वेळी त्याला खेळायला बाहेर पिटाळत. "कान टोचतात तसलं काहीतरी असेल, असं मला वाटायचं," तो म्हणाला. मग तो बायकोकडे वळला. "मग मी जवळ यायचो तेव्हा..."

"चिरायचं," सून म्हणाली. "दर वेळी."

"सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं. दुखतं म्हटलं होतं. तुम्ही आईंना विचारलंत."

मुलगा होता तिथेच मिठाच्या चिखलात बसला. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, त्यात पावसाचं किती आणि त्याचं किती हे त्यालाही सांगता आलं नसतं. "आत्ता चारचौघांत मी तुला..." तो म्हणाला आणि पुढचं त्याला बोलवेना. सुनेने त्याची समजूत काढली नाही. तिने त्याची सुटलेली दोरी उचलून बांधली.

म्हातारी वाट बघत होती. मुलाने शिव्या घालाव्यात, अंगावर धावून यावं, असं तिला मनापासून वाटत होतं. पण त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मोठ्या दवाखान्यात जाऊ," तो बायकोला एवढंच म्हणाला.

"सोबत बाईमाणूस लागतं तिथे राहायला." सून म्हातारीकडे वळली. "आई, तुम्ही चला. दुसरं कोण आहे मला इथे? पण मला हात लावायचा नाही. उठवायला नाही, बसवायला नाही, कशालाच नाही."

"नाही लावणार," म्हातारी म्हणाली.

चार दिवसांनी पाऊस उघडल्यावर वाचलेलं मीठ घेऊन टेम्पो शहराकडे निघाला. मुलाने मागे पोत्यांच्या मध्ये दोघींपुरती जागा केली, खाली घोंगडी अंथरली आणि बायकोला वर चढायला हात दिला. तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. आईशी तो त्या दिवसापासून कामापुरतंच बोलत होता.

निघायच्या बेतात शेजारीण आली. बोटाशी तिची धाकटी होती, दातांच्या दोन खिडक्या पडलेली. "बरं झालं गाठ पडली. परत कधी येणार, आजी? मिठागर बंद झालं, हिचं उरकून घेऊ म्हणते."

"मी नाही करणार," म्हातारी म्हणाली.

"का? नजर मंदावली? मग पलीकडच्या वस्तीतल्या बाईकडे नेते. हात जड आहे म्हणतात तिचा, पण करणार काय?" शेजारणीने सुनेकडे मान वळवली. "आणि तू गं कुठे? खारं पाणी लागलं ना? मला ठाऊकच होतं."

सून म्हातारीकडे बघत राहिली. रस्त्याच्या कडेला आणखी चार-पाच बायका उभ्या होत्या, टेम्पोवाला दोऱ्या आवळत होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"खारं पाणी कुणालाच लागत नाही," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तुला नाही, मला नाही, हिला नाही. मी कापलं म्हणून दुखतं. तुझं पण मीच कापलंय. आठव, त्याआधी कधी दुखत होतं का ते. पोरीला घरी ने."

बायकांच्या चेहऱ्यांवरचं हसू मावळलं. शेजारणीचा चेहरा लालभडक झाला. तिने पोरीचे दोन्ही कान हातांनी झाकले. "म्हातारचळ लागलाय," ती म्हणाली, आणि पोरीला ओढत निघून गेली. ती घराकडे गेली की पलीकडच्या वस्तीकडे, हे पोत्यांआडून दिसलं नाही. बाकीच्या बायका मात्र तिथेच उभ्या राहिल्या, एकमेकींकडे न बघता.

टेम्पो हलला. पावसाने रस्त्याची पार चाळण केली होती. पहिल्याच खड्ड्यात सून उसळली, कळवळली आणि म्हातारीच्या बाजूला कलंडली. म्हातारीचे हात आपसूक पुढे गेले. मध्येच तिने ते आवरले आणि स्वतःच्या मांड्यांखाली दाबून त्यांवर बसली. सुनेने पोत्याचा कान पकडून स्वतःला सावरलं.

दुसऱ्या खड्ड्याला म्हातारीचं डोकं मागच्या फळकुटावर आपटलं. तिसऱ्याला पुन्हा. सून बघत होती.

"हात काढा की," सून म्हणाली. "धरा कशाला तरी. पडाल."

म्हातारीने हात काढले नाहीत.